चेहऱ्याची जागा

भिस्त्याला चेहरा नव्हता. पाण्यानं फुगलेली पखाल होती, पखालीचं तोंड आवळून धरलेला हात होता, कमरेला लाल पट्टा होता, वर चापूनचोपून बांधलेलं पागोटंही होतं. पागोटं आणि गळा यांच्यामध्ये मात्र काही नव्हतं. मी स्क्रीनवर चित्र मोठं केलं, लहान केलं, फाइल बंद करून परत उघडली. मग धोबी उघडला, त्यालाही नव्हता. शिंपी मांडी घालून सुईत दोरा ओवत होता, आणि डोळ्यांवाचून कुठं बघून ओवत होता कोण जाणे. मला वाटलं, तिकडच्या लोकांनी स्कॅन करताना घोळ घातलाय आणि आता निस्तरायचं काम आपल्या गळ्यात. हे आमच्याकडे नेहमीचंच. परदेशातली संग्रहालयं कपाटातल्या जुन्या वस्तूंचे फोटो पाठवतात आणि आम्ही हिंजवडीत बसून त्यांच्यावरचे डाग, ओरखडे, बुरशी माऊसनं पुसून परत पाठवतो. वस्तू इथून गेलेल्या, धूळ तिकडे बसलेली, पुसणारे पुन्हा इथले. रश्मी ही आमची टीम लीड. मी तिला बोलावलं तर ती खुर्चीमागे उभी राहून हसली. "अगं आम्रपाली, स्कॅन बरोबर आहे. तो सेटच तसा असतो." मग तिनं समजावून सांगितलं. अभ्रकाचे पातळ पत्रे, त्यांवर इथल्या चित्रकारांनी रंगवलेले इथले धंदेवाले. साहेब लोक ते मायदेशी न्यायला विकत घेत. पेटीत सगळ्यांत खाली एक पुठ्ठा, त्यावर एकच चेहरा. त्यावर भिस्त्याचा पत्रा ठेवला की तो चेहरा भिस्ती होतो, तो उचलून धोब्याचा ठेवला की धोबी. चेहरा एकदाच काढायचा, कपडे हवे तेवढे. "किती क्यूट आहे ना?" रश्मी म्हणाली. मी हो म्हटलं. ऑफिसात मी पुष्कळ गोष्टींना हो म्हणते.

पण ते अभ्रक मी डोळ्यांच्या आधी बोटांनी ओळखलं. पत्र्याच्या कडा सुटल्या होत्या, पापुद्रे उचलले गेले होते, आणि प्रत्येक पापुद्र्यानं जाताना थोडा थोडा रंग सोबत नेला होता. नखाच्या टोकानं असा पापुद्रा सोडवायचा कसा, ते मला शाळेत जायच्या आधीपासून येतं. आबा, म्हणजे माझे वडील, भोसरी एमआयडीसीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये अभ्रकच कापायचे. इस्त्रीच्या पोटात तापणारी तार असते, तिला धरून ठेवायला अभ्रकाचा पत्रा लागतो. ते जाड तुकड्यात पात्याचं टोक घालून थर सुटे करायचे, साच्यात कापायचे, भोकं पाडायचे, आणि संध्याकाळी घरी आले की त्यांच्या केसांत, भुवयांत, मनगटावरच्या लवीत बारीक चमक असायची. आई त्यांना दारातच थांबवून फडक्यानं झटकायची, तरी भाकरीत काही तरी चकाकायचंच. एकदा त्यांनी तळहाताएवढा वाया गेलेला तुकडा माझ्यासाठी आणला. उन्हात उभे राहिले, तो तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "अमे, दिसतोय का गं मी?" तो तुकडा मला आजही दिसतो. त्याचा चहासारखा रंग, एका कोपऱ्यातला ओरखडा, कडेला धरलेली त्यांची फुटकी नखं, मागून येणारं ऊन. मी व्हय म्हटलं होतं, तेही आठवतं. फक्त तुकड्यामागचे आबा आठवत नाहीत. आठवण तिथवर चालत येते आणि उंबऱ्यावर थांबावी तशी थांबते. बाकीचे आबा आहेत. त्यांची खोकल्याची उबळ आहे, चपलेचा आवाज आहे, शेवटच्या महिन्यांत त्यांना उचलताना हाताला लागलेलं वजन आहे. चेहरा तेवढा नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. असं कुणाला सांगतात?

संग्रहालयाला नुसती साफसफाई नको होती. लोकांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आणि पुठ्ठ्यावरच्या चेहऱ्याऐवजी त्यांचा स्वतःचा चेहरा त्या पत्र्यांमागे यायचा, असा खेळ त्यांना हवा होता. चाचणीसाठी आमचेच चेहरे. सकाळी गेटवरच्या मशीनला तोंड दाखवायचं, चौकोन हिरवा झाला की हजेरी लागली; त्यात आता हे आणखी एक तोंड दाखवणं. जेवणानंतर सगळे जमले. शेखर न्हावी झाला, लोक खिदळले, त्यानं समोरच्या टीमच्या मुलाची दाढी करायचा अभिनय केला. रश्मी शिंपीण का नाही म्हणून तक्रार करत शिंपी झाली. माझी पाळी आली तेव्हा तिचा हात माऊसवर होता आणि पत्रे एकामागून एक सरकत होते. भोई, माहूत, हुक्केवाला, आणि मग तो. हातात खराटा, डोक्यावर टोपली, गुडघ्यांपर्यंतचं मळकं धोतर. बाकीच्यांच्या लेखी तो एक पोशाख होता. मी मात्र श्वास धरून तिच्या बोटाकडे बघत राहिले. तिनं क्षणभर थांबून पुढं सरकवला आणि भिस्ती निवडला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटण्याचाच एवढा राग आला की कानशिलं तापली. कशाला घाबरले मी? आजोबांनी गाव सोडलं ते खराटा तिथंच टाकून, आबांनी मला शिकवलं, मी इथं पगार घेते आणि माझी छाती अजून एका चित्राला धडधडते. या रागात मी कॅमेऱ्याकडे बघितलं. हसले नाही. पागोट्याखाली माझे केस गेले, कानातलं गेलं, ओढणी गेली, आणि पखाल घेऊन आबा उभे राहिले.

सगळे हसत होते. शेखर म्हणाला, "राव, आम्रपाली एकदम परफेक्ट बसलीय." मी स्क्रीनकडे बघत होते आणि आबा माझ्याकडे बघत होते. किंचित रागावलेले, शिफ्टवरून आल्यावर चहा मिळेपर्यंत असायचे तसे. इतकी वर्षं मी कुठं कुठं शोधलं आणि ते माझ्या केसांखाली बसून होते. रश्मीनं पत्रा बदलला आणि ते गेले. मी तिला म्हटलं, तो माझा फोटो, पत्र्याशिवायचा, मला पाठवून दे. "डीपीला लावणारेस?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

रविवारी पिंपरीला आईकडे गेले. आई आणि प्रितम, माझा धाकटा भाऊ, त्याची बायकोपोरं, सगळे पुनर्वसनाच्या इमारतीत राहतात. जुनी खोली सोडताना टेम्पोत आबांच्या फोटोची काच फुटली, तेव्हापासून तो बिनकाचेचाच भिंतीवर आहे. तो फोटोही एक मोठं प्रकरण. आबा गेले तेव्हा घरात त्यांचा धड एकही फोटो नव्हता. वर्कशॉपच्या गेटपासवर नखाएवढा होता, तो घेऊन आई आणि मी हिंदुरावांच्या स्टुडिओत गेलो. हिंदुरावांनी आमच्यासमोर एक अल्बम ठेवला. त्यात नुसते कोट होते. काळा कोट, करडा कोट, शेरवानी, फेटा आणि उपरणं. सगळ्यांचे गळे कापलेले. मेलेल्या माणसाला कुठला पोशाख चढवायचा ते निवडा, मग ते चेहरा बसवणार. गल्लीतले निम्मे गेलेले लोक त्याच तीन-चार कोटांत भिंतीवर होते, पण प्रत्येकाच्या घरात तो कोट ज्याचा त्याचा. आईनं गडद निळा कोट आणि लाल टाय निवडला. आबांनी जन्मात कोट घातला नव्हता, थंडीत कोपराला भोक पडलेलं तपकिरी स्वेटर घालायचे. पण आमच्या घरांत बुद्धाशेजारी निळ्या कोटातला एक फोटो असतोच. त्याच्या शेजारी आपला माणूसही कोटात असावा, असं तिला वाटलं तर त्यात चुकीचं काय? मलाही तेव्हा ते बघून ताठ झाल्यासारखं वाटलं होतं. गेटपास हिंदुरावांकडेच राहिला आणि पुढं रस्तारुंदीत स्टुडिओ गेला, हिंदुरावही गावी गेले.

आता त्या रविवारी मी दारातून आत आले आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. कोट तसाच होता, निळा, घडी न मोडलेला. टायचा लाल रंगही जागच्या जागी. त्याच्यावर चेहऱ्याच्या ठिकाणी एक पांढरट गोल होता. कधी गेला असेल चेहरा? मी दर रविवारी येते, याच्याखालीच बसून जेवते. थोडा थोडा गेला असणार, म्हणून कळलं नाही. ओल आली असेल, शाई हलकी असेल, असं मी मनाशी म्हणत होते. पण ओल कोटाला वगळून नेमकी तोंडावरच कशी येईल? मला पखालवाला आठवला. जे कपाटात, पेटीत, दुसऱ्या देशात बंद होतं, ते माझ्याआधी इथं येऊन भिंतीवर बसलं होतं.

"आई, आबांचा चेहरा कुठंय?"

आई मेथी निवडत होती. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय. तिनं वर बघितलं. "हाय की. तुला दिसत न्हाई व्हय?" मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "पर बाकीच्यास्नी बी दिसत न्हाई म्हनं. परवा खेडची आत्या आलती, ती म्हनली वैनी, ह्यो कुनाचा कोट लावलाय. अमे, म्होरल्या म्हैन्यात त्येंचा दिवस हाय. भावकी येनार. वंदना कुनाम्होरं घ्यायाची? कोटाम्होरं?"

तिचा आवाज चिरकला तशी तिनं मेथीची जुडी उगाच आपटली. आई रडत नाही, वस्तू आपटते. मी म्हटलं, मी करते काही तरी, आणि भिंतीवरच्या कोटाचा फोटो मोबाइलवर काढून घेतला. आतून प्रितम आला, चाकणची दुसरी शिफ्ट गाठायची म्हणून शर्ट खोचत. "ताई, एआयला सांग की. आता समदं तेच करतंय," तो म्हणाला. त्यानं आबांचं मतदानाचं कार्ड काढून दिलं. त्यावरचा फोटो म्हणजे काळा डाग, त्याला कान आहेत म्हणून माणूस म्हणायचं. सांगवीला घरी येऊन मी तो डाग मशीनला दिला आणि हवं ते सगळं सांगितलं. क्षणात एक गृहस्थ हजर झाले. गोरटेले, दात एका ओळीत, विमा विकायला आल्यासारखे हसणारे. पुन्हा सांगितलं, रंग सावळा, गाल बसलेले. ते गृहस्थच सावळे झाले, गाल बसवून हसत राहिले. मी घाबरून ती खिडकी बंद केली. हा माणूस आईच्या भिंतीवर गेला असता आणि आई त्याच्यासमोर हात जोडून बसली असती.

मग रश्मीनं पाठवलेला फोटो उघडला. दुपार होती, खाली कुणी तरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. मी माझे केस काढले. कपाळ आधी उघडंबोडकं दिसलं, मग जरा रुंद केलं. भुवयांना दाटपणा दिला, मिशी दिली, ती आधी फार रुबाबदार आली म्हणून विरळ केली. रंग दोन छटा उतरवला. वर्कशॉपमधला माणूस उन्हात नसायचा, तरी काळवंडलेला असायचा. गालांतलं मांस काढून घेतलं. रोज दुसऱ्यांच्या चित्रांवरचे डाग पुसणारी मी स्वतःवर एकेक डाग चढवत होते, आणि दर डागाला माझ्यातली मी कमी होत होते. एका टप्प्यावर समोर कुणीच नव्हतं. मी नव्हते आणि आबाही अजून आले नव्हते. नुसती दोन डोळे असलेली जागा होती. तेव्हा मला फार भीती वाटली. उठून नळाचं पाणी प्यायले. बेसिनवरच्या आरशात बघायचं टाळलं. परत येऊन बसले, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, भुवयांत अगदी बारीक पांढरे ठिपके टाकले. चमक. आई दारात झटकायची तरी उरायची तेवढीच. मग तो चेहरा भिंतीवरच्या कोटाच्या फोटोवर ठेवला, आणि ते आले. निळ्या कोटात, लाल टायमध्ये, भुवयांत अभ्रक घेऊन. "दिसतोय का गं मी?" मी टेबलावर डोकं ठेवून मोठ्यानं रडले, कितीतरी वर्षांनी, आणि त्या रडण्यात आनंद जास्त होता.

चांगल्या कागदावर प्रिंट काढली, जाड काच, सागवानी चौकट. पुढच्या रविवारी ती आईच्या मांडीवर ठेवली. तिनं चौकट उजेडाकडे तिरकी केली. चांगला डोळा जवळ नेला. मी भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिले. ती नको म्हणाली तर मी काय करणार होते? आबा आणायची दुसरी कुठलीही वाट नव्हती.

"भवयांत चकाकतंय," आई म्हणाली.

"व्हय."

"आसंच असायचं. कितीबी झटका." तिनं चौकट पुन्हा तिरकी केली. मग हलकेच हसली, आणि मान वर न करता म्हणाली, "तुज्यावर गेलाय."

तिला कळलं होतं. तिनं बोट काचेवरून फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि कपाळाला आठी घातली. "ही काच काढ."

"का? चांगली जाड लावलीय मुद्दाम."

"हात लागत न्हाई."

मी समजावलं, धूळ बसेल, तेलाचा धूर बसेल, प्रितमची पोरं हात लावतील. ती ऐकेना. शेवटी मीच मागचे खिळे उचकटून काच काढली. आईनं पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि फोटो पुसायला लागली. कोट नाही, टाय नाही. नुसता चेहरा. आधी कपाळ, मग डोळ्यांच्या कडा, मग डावा गाल, मग उजवा, अंगठ्यानं गोल गोल, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. घाई नव्हती. दारात उभं करून झटकायची तेव्हाही तिचा हात असाच फिरायचा.

"रोज पुसतेस?" मी विचारलं.

"मंग? काच फुटली तवाधरनं बरं झालंय. रोज सकाळी आंगूळ झाली की पैलं त्येंचं तोंड पुसायचं. त्याबिगर च्या गोड लागत न्हाई."

ओल नव्हती, शाई हलकी नव्हती. घराच्या भिंतीवरून आबांना कुणी नेलं नव्हतं. आईनंच त्यांना रोज थोडं थोडं पदराला घेतलं होतं. मी तिचा हात धरला. "आई, असं पुसलंस तर पुन्हा जाईल गं."

"जाऊ दे की," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला. "तू हाईस न्हवं?"

दिवसाच्या कार्यक्रमाला भावकी आली, मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. खेडची आत्या फोटोसमोर उभी राहून "जयसिंगदादा हुबेहूब!" म्हणाली आणि रडली. आई माझ्याकडे बघून गालात हसली. लोक माझ्यासमोर हात जोडत होते आणि मी पोह्यांच्या बश्या उचलत होते. तो दिवस चांगला गेला, खरंच चांगला गेला. आई पोटभर जेवली.

ऑफिसात तो सेट पूर्ण होऊन गेला. तिकडून आभार आले, रश्मीनं केक मागवला. आता दुसरं काम चाललंय, जुन्या नकाशांचं. पण सकाळी कंपनीची कॅब माणच्या फाट्यावर गर्दीत अडकते तेव्हा माझं कपाळ गार लागतं. मग डोळ्यांच्या कडा. पहिल्या दिवशी मला वाटलं एसी आहे, मी वरची झडप बंद केली. गारवा डाव्या गालावर आला आणि गोल फिरत राहिला. मी डोळे मिटले. हे भयंकर होतं, आणि ते थांबू नये असं मला वाटत होतं, दोन्ही खरं. लहानपणानंतर माझं तोंड कुणी पुसलंय?

आज गेटवर मशीननं मला घेतलं नाही. चौकोन माझ्या गळ्यापाशी आला, केसांपाशी गेला, मधल्या जागेवरून इकडेतिकडे हिंडला आणि लाल झाला. चेहरा दिसत नाही, पुन्हा प्रयत्न करा. गेटवरचा ज्योतीराम माणचाच आहे, रोज सगळ्यांना हसून आत सोडतो. "मॅडम, सरळ बगा जरा," तो म्हणाला. मी सरळच बघत होते. पुन्हा लाल. माझ्यामागे रांग लागली, शेखर घड्याळ बघायला लागला. ज्योतीरामनं खिशातून रुमाल काढला. "कॅमेऱ्याची काच खराब झाली आसंल, पुसून घेतो. मग बगा, लगीच हिरवं हुतंय." त्यानं काच लख्ख केली. चौकोन पुन्हा माझ्याकडे आला आणि रिकाम्या जागेवर थांबला. मला उजव्या गालावर पदराचं ओलं टोक लागत होतं, हनुवटी अजून कोरडी होती.

"थांबा जरा," मी त्याला म्हटलं. "आईचं पुसून व्हायचंय अजून."

ज्योतीरामनं माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग तो बाजूला झाला आणि मागच्यांना आधी आत सोडायला लागला.